विळी चालवणाऱ्या हातात रंधा

आज आम्ही जो विषय घेऊन आलो आहोत तो ऐकून काही जणी हसतील. विषय आहे सुतारकाम. तेसुद्धा हाताच्या हत्यारांचं. करवत, रंधा, पटाशी, मोगरी. वीज नाही, मोटार नाही. "हे पुरुषांचं काम, आपल्याला कुठे जमणार," असं कुणी म्हणायच्या आत आम्ही एक विचारतो. तुमच्या घरात विळी आहे ना? मग निम्मं सुतारकाम तुम्हाला येतंच.

कसं ते सांगतो. आपल्याकडचा जुन्या चालीचा सुतार टेबलाशी उभा राहून काम करत नाही. तो जमिनीवर बसतो. लाकूड पायाच्या तळव्यांमध्ये धरतो, टाचेनं दाबतो, आणि दोन्ही हात हत्याराला मोकळे ठेवतो. आता आपण नारळ खोवतो तेव्हा काय करतो? विळीचा पाट पायाखाली दाबतो आणि दोन्ही हातांनी नारळाची वाटी फिरवतो. बोंबील कापताना, फणस चिरतानाही तेच. धारेकडे बघत, बोटं सांभाळत, अंगाचा भार कुठे द्यायचा आणि कुठे काढून घ्यायचा हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत, कारखान्यात उभ्यानं काम शिकलेल्या माणसाला जमिनीवर बसून लाकूड पायानं धरायला महिने लागतात. आपल्याला ते पहिल्या दिवशी येतं. हे आम्ही कौतुकासाठी सांगत नाही. आमच्या गटातल्या पाच जणींच्या बाबतीत हेच झालं.

आता हा विषय आजच का? कारण आपल्या वसई-विरारात जुनी घरं भराभर पडत आहेत. आगाशी, निर्मळ, भुईगाव, वसई गाव, कुठेही जा. वाडीतलं कौलारू घर उतरतं आणि त्या जागी इमारत उभी राहते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. भावकीत वाटे झाले, मुलं मोठी झाली, पावसात गळणारं घर कुणी किती वर्षं शाकारायचं? पण घर उतरवताना सागाची चौकट, दिलह्यांची दारं, खिडक्यांचे गज बसवलेल्या झडपा, ओटीवरचे खांब, झोपाळ्याची फळी हे सगळं एका टेंपोत भरून जातं. देणारीला वाटतं, जुनं लाकूड, वाळवीचं घर, गेलं ते बरं. मग नव्या घरात प्लायवूडचं कपाट येतं आणि वसईच्या दमट हवेत चार पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात. शंभर वर्षांच्या सागाला अजून शंभर वर्षं काही होणार नव्हतं. सागात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पांढऱ्या बाहेरच्या भागाला मात्र लागते. सुतार गाभा ठेवतो आणि पांढरं काढून टाकतो, ते यासाठीच.

इथल्या लाकूडकामाची गोष्ट काही साधी नाही. आपल्या आगाशीला सोळाव्या शतकात गलबतं बांधली जात. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या दोनशे वर्षांत वसईतही जहाजं बांधली गेली. आसपासच्या रानातलं लाकूड खाडीतून खाली यायचं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या तीनच वर्षं आधी, १७३६ मध्ये, सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार मुंबईला आले, आणि मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्यांच्याच घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली बांधलेलं 'त्रिंकोमाली' नावाचं एक जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. मलबारी सागाचं. ते अजून आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी जपून ठेवलेलं. विचार करा, दोनशे वर्षांहून जुनं जहाज, आणि त्याची एकूण एक फळी करवतीनं चिरलेली, वाकसानं तासलेली, हातानं जोडलेली. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं असलेलं, लाकूड तासायचं हत्यार. कुणी म्हणालं ना की हाताचं काम कच्चं, तर त्याला हे जहाज सांगा.

अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या, नायगावच्या कोळणींना होडीचं लाकूडकाम नव्यानं सांगायला नको. तळाचं लांब लाकूड म्हणजे पठाण, त्यावर बसवलेले बरगड्यांसारखे वाक, पुढची नाळ, मग फळ्या, आणि फळ्यांच्या सांध्यात ठोकून बसवलेलं सूत. फायबरच्या होड्या आल्या, त्या हलक्या असतात, डागडुजी कमी लागते. मच्छीमारानं त्या घेतल्या यात त्याचं काही चुकलं नाही. पण वाकासाठी मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधून आणणारा आणि नजरेनं तिचा बाक जोखणारा माणूस त्या किनाऱ्यावर आता सहज सापडत नाही. सरळ फळी कापून बाक काढला तर रेषा आडव्या तुटतात आणि लाकूड तिथेच मोडतं. वाकड्या फांदीत रेषाही बाकाबरोबर वळलेल्या असतात. त्यामुळे ती तुटत नाही. ही एवढी एक गोष्ट समजली की लाकडाबद्दलचं अर्धं ज्ञान झालं.

आता जरा त्या रेषांकडे वळू. लाकूड म्हणजे दगडासारखा ठोकळा नव्हे. ती बारीक नळ्यांची जुडी आहे. झाड जिवंत असताना त्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं. केसांचा अंबाडा सोडून केस विंचरताना आपण वरून खाली फणी फिरवतो, उलटी फिरवली तर गुंता होतो. रंध्याचंही तसंच. रेषांच्या बाजूनं रंधा फिरला तर लांबच लांब पातळ पापुद्रा निघतो, पातळ घावनासारखा, उजेडाला धरला तर आरपार दिसणारा. उलट्या बाजूनं फिरला तर लाकूड उचकटतं, खड्डे पडतात. मग जोर लावायचा नाही. फळी फिरवून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. फळीच्या कडेला रेषा कोणत्या बाजूला वर चढताहेत ते आधी बघितलं तर हे फिरवणंही वाचतं.

रंध्याचं खरं सुख कशात आहे ते आम्हाला विचाराल तर आवाजात. पातं धारदार असेल तर रेशमी कापड फाडल्यासारखा एकसंध आवाज येतो. बोथट असेल तर खरखर येते आणि हाताला धक्के बसतात. रंधा फिरवता फिरवता फळी जाड कुठे आहे आणि खोलगट कुठे, हेही कानाला कळतं, कारण खोलगट जागी आवाज बंद पडतो. यंत्राच्या रंध्यात हे काही ऐकू येत नाही. कानाला कापूस लावून काम करावं लागतं. हाताच्या कामात गप्पा मारता येतात, बाळ झोळीत झोपलेलं असतं, दुपारी वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि वास! साग चिरला की जुन्या चामड्यासारखा तेलकट वास येतो. फणसाचं लाकूड आतून पिवळंधमक निघतं, मग उजेडात हळूहळू तपकिरी होत जातं.

रंध्यानं गुळगुळीत केलेली फळी आणि पॉलिश पेपरनं घासलेली फळी यांतला फरक डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतो. पेपर लाकडाला ओरखडे काढतो, बारीक बारीक, आणि त्यांत धूळ भरते. रंधा कापतो. म्हणून रंधलेल्या लाकडाला तेल न लावताही चमक असते. शिवाय लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाणं वाईट. तिच्यामुळे नाकाचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. पापुद्रे हवेत उडत नाहीत, केरसुणीनं गोळा होतात आणि चुलीला उत्तम.

यंत्र वाईट असं आमचं म्हणणं नाही. शंभर दारं करायची असतील तर यंत्रच हवं. पण एक पाट, एक देव्हारा, मोडक्या खुर्चीचा एक पाय, यासाठी हाताची हत्यारं पुरतात, आणि ती अंगणाच्या एका कोपऱ्यात मावतात. हातानं काम करताना चूक हळू होते. लक्षात येईपर्यंत थांबता येतं.

सगळ्या कामाचं मूळ मात्र धार आहे, ताकद नव्हे. आमच्या गटाला शिकवणारे सुतारकाका पहिले तीन दिवस लाकडाला हातच लावू देत नव्हते. फक्त धार. पटाशीचं पातं एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला उतरतं असतं. तो उतार साधारण २५ ते ३० अंशांचा. काटकोनाचा तिसरा भाग समजा. धारेच्या दगडावर थोडं पाणी किंवा तेल टाकायचं, ज्या दगडाला जे लागतं ते, आणि उतार दगडावर टेकवून तोच कोन राखत पुढेमागे घासायचं. मनगट हललं की कोन गोल होतो, म्हणून मनगट घट्ट आणि खांदा सैल. थोड्या वेळानं सपाट बाजूला अगदी बारीक खरखरीत कड लागते. ती लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पातं उलटं करून सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवायची आणि दोन-चार हलके हात द्यायचे, की ती कड निघून जाते. धार बघायला अंगठा फिरवू नका. लाकडाच्या तुकड्याचं कापलेलं तोंड असतं ना, रेषांची टोकं दिसतात ती बाजू, तिथे पातं चालवा. भुगा न पडता चकचकीत काप निघाला तर धार झाली.

बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की ते निसटतं. म्हणून धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यारानं जास्त लागतं. विळीचंही तेच, नाही का? आणि नियम एकच: दोन्ही हात पात्याच्या मागे. लाकूड धरणारा हात पात्याच्या पुढे कधीच नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या घरातला एक त्रास घेऊ. पावसाळ्यात दार अडकतं. आषाढात कुणाला तरी बोलावून आपण दाराची कड रंधून घेतो, आणि माघात बघतो तर दारात बोटभर फट. कारण लाकूड दमट हवेत पाणी घेतं आणि फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून अडकलेलं दार भर पावसात रंधायचं असेल तर अगदी थोडं, अडेल तेवढंच. जमलं तर मेणबत्ती घासून पाऊस काढावा आणि कोरड्या दिवसांत दार नीट बघून ठरवावं.

जुन्या सुतारांना हे इतकं ठाऊक होतं की त्यांनी दारच तसं घडवलं. दिलह्याचं दार बघा. बाहेर उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट. पट्ट्या कुसू आणि खाचेनं जोडलेल्या, म्हणजे एकीचं टोक कोरून जीभ केलेली आणि दुसरीत तिच्या मापाचं घर, वरून लाकडी खुंटी मारलेली. आतला दिलहा मात्र कुठेही चिकटवलेला नसतो. तो चौकटीच्या खोबणीत नुसता बसवलेला असतो, थोडी जागा ठेवून. पाऊस आला की तो खोबणीत फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि दाराच्या मापाला ढिम्म काही होत नाही. आम्हाला हे कळलं त्या दिवशी घरी जाऊन प्रत्येकीनं आपलं दार हातानं चाचपून बघितलं. तुम्हीही बघा, दिलहा किंचित हलतो. रंगाचे थर बसले असतील तर हलणार नाही, आणि मग बहुतेक कुठेतरी चीर गेलेली दिसेल.

शिकायला पहिली वस्तू कोणती, तर पाट. जेवायला, पूजेला बसतो तो. फळी रंधून सपाट करायची, गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का बघायचं, करवतीनं माप कापायचं. करवतीच्या रेघेबद्दल एक सांगतो: रेघेवर कापू नये, रेघेच्या टाकाऊ बाजूला कापावं आणि उरलेलं रंध्यानं आणावं. मग पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या. त्या केवळ उंचीसाठी नसतात. फळी पन्हळीसारखी वाकू नये म्हणून रेषांना आडव्या घातलेल्या असतात. पण त्याच पट्ट्या दोन्ही कडांना खिळ्यांनी किंवा सरसानं घट्ट जखडल्या तर रुंदीत हलू न शकलेली फळी मधोमध तडकते. म्हणून काही जुन्या पाटांना खिळाच दिसत नाही. फळीत आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खोबण कोरतात आणि त्याच आकाराची पट्टी बाजूनं सरकवून बसवतात. फळी हलायला मोकळी, पट्टी पडायला मोकळी नाही. पहिल्या पाटाला एवढं जमणार नाही. तेव्हा मधोमध एक-एक स्क्रू घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं थोडी लांबट ठेवा. चालतं.

शेवटी तेल. खोबरेल लावलं तर चमक येते पण ते वाळत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट होतं. अळशीचं तेल वाळतं. पातळ हात लावायचा, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, आणि काही दिवस हवेवर ठेवायचं. असे तीन-चार हात. पोळपाटासाठी खायचं अळशीचं तेल घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून रसायनं घातलेली असतात. आणि हे नीट ऐका: अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि गोळा करून ठेवलं तर आपोआप पेटतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

लाकूड कुठून आणायचं, हा प्रश्न येणारच. आपल्या बांधावरचा साग असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, खैर, आंबा, फणस अशा झाडांना महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. पण शिकायला झाड तोडायची गरजच नाही. उतरवलेल्या घरांचं लाकूड आहे ना. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, नव्यासारखं वाकत नाही. रंधा लावण्याआधी मात्र एकूण एक खिळा शोधून काढा. एका खिळ्यानं पात्याची तासाभराची धार जाते.

बायकांनी हे काम करायचं का, यावर आमच्याकडेही बोलणी झाली. आमचं उत्तर असं की सुताराच्या घरातल्या बायका करतच होत्या. घासणं, तेल पाजणं, वेळेला करवतीचं दुसरं टोक धरणं. बलुत्याच्या हिशेबात फक्त त्यांचं नाव नव्हतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, तिथेही रंगकामात बायकांचे हात असतात. तिथली गंजिफाची कला मोडायला आली तेव्हा राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केलं. शिकवणारा हयात असताना शिकून घेतलं, म्हणून ती राहिली.

आपल्याकडचे जुने सुतार सत्तरीच्या पुढे गेले आहेत. मुलं मॉड्यूलर किचनच्या कामाला लागली, त्यात पैसा आहे, त्यांना दोष नाही. काका गेले की त्यांची पेटी घरात पडून राहते, आणि मग एक दिवस भंगारवाला येतो. रंध्याचं पातं, पटाश्या, करवती, सगळं लोखंडाच्या भावानं किलोवर जातं. लाकडी रंध्याचा तर चुलीत जाळ होतो. तुमच्या आळीत अशी पेटी असेल तर त्या माउलीकडे जा. गटाच्या बचतीतून वर्गणी काढा आणि किलोच्या भावानं नव्हे, हत्याराच्या भावानं ती घ्या. एक करवत, एक रंधा, एक अरुंद आणि एक रुंद पटाशी, मोगरी, गुण्या आणि धारेचा दगड एवढं सुरुवातीला दहा जणींना पुरतं. पात्यावरच्या गंजाला घाबरू नका, तो दगडावर जातो. मूठ मात्र बदलू नका लगेच. जुन्या मुठीला अंगठ्याची जागा पडलेली असते, तिथे आपला अंगठा ठेवला की हत्यार कसं धरायचं ते आपोआप समजतं.